डाव्या हाताची खिडकी

सासूबाईंनी कवळी बसवली त्या वर्षाची ही गोष्ट. साल विचाराल तर घरात कुणालाच धड आठवत नाही, पण कवळीचं वर्ष म्हटलं की सगळे माना डोलवतात. त्याच वर्षी परदेशात राहणारा धाकटा मुलगा, त्याची बायको आणि त्यांची सहा वर्षांची पोर कायमची घरी परतली.

कवळीचा आणि परतण्याचा तसा संबंध नाही, पण फोनशी आहे. तोवर दर रविवारी सकाळी परदेशातून फोन आला की बोलायच्या त्या सासूबाईच. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्यांचा कारभार. सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते शेवटी दोन शब्दांपुरते यायचे. "बरंय ना? बरं. ठेव." सात वर्षांत सुनेने त्यांच्या तोंडून यापलीकडे काही ऐकलं नव्हतं. आता कवळी हिरड्यांना टोचायला लागली, बोलताना टकटक वाजायला लागली, आणि सासूबाईंनी जाहीर केलं, "हे घोड्याचे दात रुळेपर्यंत मी फोनला हात लावणार नाही." म्हणून रिसीव्हर अण्णांकडे आला.

अण्णा जन्माचे सुतार. पहिल्याच रविवारी त्यांनी बरंय ना विचारलं, आणि ठेव म्हणायच्या जागी म्हणाले, "सूनबाई, पोरीच्या पलंगाची उंची किती?"

सुनेला वाटलं, चुकून विचारलं असेल. "पलंगाची?"

"जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत. टेप असेल ना तुझ्याकडे?"

टेप तर तिच्या गळ्यातच असायचा. ती कपडे लहानमोठे करून देणाऱ्या दुकानात शिवणकाम करायची आणि सुट्टीच्या दिवशीही टेप गळ्यात अडकवून फिरायची, जसा डॉक्टर आपली नळी अडकवतो. तिने जाऊन मापलं. "साडेअठरा इंच, अण्णा."

"साडेअठरा बरोबर, की वर एखादं सूत?"

इंचाचे आठ भाग केले की एक सूत. सुताराला आणि शिंपिणीला हे सांगावं लागत नाही. सून परत गेली, वाकली, परत आली. "साडेअठरा आणि एक सूत."

"हां," अण्णा समाधानाने म्हणाले. "ठेव."

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. त्याचा करार चार महिन्यांनी संपणार होता आणि गावाकडच्या इस्पितळात लिफ्ट सांभाळायची नोकरी पक्की झाली होती. परत जायचं हे ठरलेलं होतं. आनंदाचीच गोष्ट. पण सुनेला त्या दिवसापासून घोर लागला होता, आणि तो घोर पोरीचा होता.

पोरीला घरात बटणी म्हणायचे. रांगत होती तेव्हापासून आईचा बटणांचा डबा घेऊन बसायची आणि बोटांनी चाचपून दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी काढायची. डोळ्यांना तिच्या उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. जन्मापासून तसंच. बाकी चुणचुणीत. तिची खोली तिला पाठ होती. दारातून चार पावलं सरळ, मग उजवीकडे वळलं की पलंग, पलंगाच्या वर खिडकी. डावीकडे वळलं तर कपाट, त्याला लागून तीन खणांचा ड्रॉवर. त्या खोलीत ती धावायची. पाहुणा आला तर त्याला कळायचंही नाही की पोरीला दिसत नाही.

कपडेही स्वतःच घालायची. आईने तिच्या प्रत्येक फ्रॉकला एकच खिसा ठेवला होता, उजव्या हाताला. खिसा डाव्या हाताला आला आणि शिवणी बाहेर लागल्या, की फ्रॉक उलटा घातलाय हे समजायचं. मग बटणी खदखदून हसायची, "आई, उलटा घातला!" आणि काढून सुलटा करायची. कुणी मदतीला गेलेलं तिला खपायचं नाही.

पण दोन वर्षांपूर्वी जुनी इमारत पाडायची म्हणून ह्यांना तीन गल्ल्या पलीकडे, ह्या घरात यावं लागलं होतं. तीनच गल्ल्या. तरी पोर चाळीस दिवस कपडे धुण्याचं मशीन आणि भिंत ह्यांच्यामधल्या फटीत बसून होती. जेवण तिथे, झोप तिथे. धावणं गेलं, हसणं गेलं. एकेचाळिसाव्या दिवशी उठून तिने भिंतीला हात लावला, तेव्हा सून मोरीत जाऊन रडली. आता तर गल्ल्या नव्हे, समुद्र ओलांडायचा होता. ह्या वेळी चाळीस दिवसांत उठेल का? की उठणारच नाही? झोपेत कूस बदलली तरी सुनेच्या मनात हाच प्रश्न कूस बदलायचा.

आणि अशात अण्णांचे प्रश्न.

दुसऱ्या रविवारी कपाटाची खोली आणि रुंदी. तिसऱ्या रविवारी दाराची उंची, उंबऱ्याची जाडी, दिव्याचं बटण जमिनीपासून किती. चौथ्या रविवारी, "खिडकीला गज आहेत?"

"नाहीत, काच आहे. सरकणारी."

"सरकताना वाजते?"

"थोडी किरकिरते."

"सुरुवातीला की शेवटाला?"

सुनेने काच सरकवून बघितली आणि सांगितलं, शेवटाला. आता ह्याला काय म्हणावं? तिने नवऱ्याला विचारलं, "अण्णांना झालंय काय? खिडकी कशी किरकिरते म्हणून विचारतात."

नवरा खोक्याला चिकटपट्टी लावत होता. "म्हातारपण. रिकामा सुतार सासऱ्याच्या पलंगाचे पाय कापतो, तसंच काहीतरी."

"मला वाटतं बटणीला नवा पलंग करतायत."

"मग पलंगाला खिडकी कशाला?"

पुढच्या रविवारी तिने मुद्दाम सासूबाईंना बोलवायला सांगितलं. सासूबाई आल्या, टकटक वाजल्या, आणि म्हणाल्या, "मला काही माहीत नाही बाई. मला शपथ घातलीय." म्हणजे माहीत होतं. पण बोलघेवडी बाई, ऐन वेळी ताकास तूर लागू देईना.

बटणीला मात्र अण्णांच्या प्रश्नांची गंमत वाटायला लागली. रविवारी फोन वाजला की तीच आधी धावायची.

"आजोबा, आज काय मापायचं?"

"आज तुझं पाऊल."

"माझं? ते खोक्यात नाही घालणार, मी घालूनच येणार आहे."

"तरी सांग. टाचेपासून अंगठ्यापर्यंत."

"आजोबा, तुमचा हात केवढा आहे?"

"वीत नऊ इंच. पण करंगळी अर्धी आहे, करवतीने खाल्लेली."

"मला हात लावून बघू द्याल?"

पलीकडे लांब कुणीतरी काही ठोकत होतं. मग अण्णा म्हणाले, "ये तर खरी."

त्या फोननंतर बटणीचेच प्रश्न सुरू झाले. अर्ध्या करंगळीला नख असतं का? आजोबांच्या घराचं दार आत उघडतं की बाहेर? तिथे पलंगाखाली काय आहे? एक दिवस तिने मोकळ्या खोक्यात बसून, चारी बाजू चाचपून विचारलं, "आई, माझी खोली ह्याच्यात मावेल का? घडी घालून?"

"खोलीची घडी होत नाही गं."

"का? तू कोटाची पण करतेस."

सून हसली आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

दुकानातही तिचं शेवटचंच चाललं होतं. तिच्या जागी येणाऱ्या नव्या बाईला ती काम दाखवत होती. एक दिवस त्या बाईने एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कोटाला वरचा खिसा भलत्याच बाजूला टाचला.

"मी डावीकडेच लावला की!"

"तू त्याच्यासमोर बसून तुझ्या डाव्या हाताला लावलास," सून म्हणाली. "कोटाचं डावं म्हणजे घालणाऱ्याचं डावं. समोर उभा राहून बघणाऱ्याचं नव्हे. आपण बघणारे. आपलं डावंउजवं दुकानात यायच्या आधी चपलेबरोबर बाहेर काढून ठेवायचं."

मालकीणबाई काउंटरवरून हसल्या. "ही गेली की हे असं कोण सांगणार मला?"

सातव्या रविवारी अण्णांनी ड्रॉवरचं विचारलं. तीन खण, प्रत्येकाची उंची, मुठी कसल्या. सगळं झाल्यावर म्हणाले, "एखादा अडकतो का?"

"तिसरा अडकतो. जरा उचलून ओढावा लागतो. बटणीला सवय आहे."

"उचलून कुठल्या कोपऱ्यात?"

आणि तिथे सुनेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवीन ड्रॉवर करणारा सुतार अडकणारा खण कशाला मागेल? चांगलं करायला निघालेला माणूस वाईटाचं माप घेत नाही. म्हातारा पलंग करत नव्हता, कपाट करत नव्हता. म्हातारा तिच्या पोरीची अख्खी खोली करत होता, खोडीसकट.

विचारायचं तिच्या ओठांवर आलं. पण ज्याने गुपित एवढं जपलंय त्याचं भांडं आपण का फोडावं? ती नुसतं म्हणाली, "आतल्या कोपऱ्यात, अण्णा. भिंतीकडच्या."

"बरं. आता एकच राहिलं. दारातून काय कुठे आहे ते सांग. खिडकी कुठल्या अंगाला?"

"डाव्या."

"पलंगही त्याच अंगाला?"

"हो. खिडकीखाली. आणि कपाट, ड्रॉवर उजव्या अंगाला."

"पक्कं?"

"अण्णा, मी काय डावंउजवं चुकणारी आहे? पोट भरते मी त्याच्यावर."

"बरं, बरं. ठेव."

त्या दिवशी सून खूप दिवसांनी गुणगुणत खोकी भरत होती. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "काही नाही, असंच." आता तिनेही तोंडात गुळणी धरली. घोर अर्धा झाला होता.

निघायच्या दिवशी बटणी रिकाम्या खोलीत गेली. चार पावलं सरळ, उजवीकडे वळून पलंगाच्या जागी हात फिरवला. पलंग नव्हता, घरमालकाने आदल्या दिवशीच हलवला होता. तिने हात खिशात घातला, आईचं बोट धरलं, आणि दारापासून जिन्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. सुनेचा घोर पुन्हा पुरता झाला.

प्रवास लांबचा झाला. घर आलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. सासूबाई फाटकातच उभ्या. दात रुळले होते, त्यामुळे तीन महिन्यांचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर आलं, कोण वाळलं, कोण सुटलं, कोण कुणावर गेलं. अण्णा मागे उभे होते. बटणी आवाजावरून त्यांच्याकडे वळली आणि हात पुढे केला. अण्णांनी आपला पंजा तिच्या हातात दिला. तिने एकेक बोट मोजलं, करंगळीपाशी थांबली, टोक चाचपलं.

"नख नाही," ती म्हणाली.

"नाही."

"दुखतं?"

"थंडीत. चल, तुला एक दाखवायचंय."

घराच्या मागच्या अंगाला अण्णांची कामाची खोली होती. नवऱ्याला ती लहानपणापासून माहीत, भुसा आणि सरसाच्या वासाची. आता कामाचं टेबल अंगणात पत्र्याखाली आलं होतं आणि करवती, पटाशा भिंतीला खिळ्यांवर लटकत होत्या. चाळीस वर्षांची जागा म्हाताऱ्याने रिकामी केली होती. नवरा टेबलाकडे बघतच राहिला. "अण्णा, तुम्ही उघड्यावर काम करणार?"

"हवा लागते," अण्णा म्हणाले. "बटणे, हे दार. उंबरा पाऊण इंच, तुमच्यासारखाच. जा."

बटणीने उंबऱ्याला पाय लावून बघितला. तिच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. ती आत गेली. एक, दोन, तीन, चार. उजवीकडे वळली, पलंगावर बसायला म्हणून झोकात पुढे गेली, आणि धाडकन कपाटावर आदळली.

सून दारात उभी होती. तिने एकदा खोलीकडे पाहिलं आणि दाराची चौकट धरली. पलंग होता, हुबेहूब. खिडकी होती, कपाट होतं, तीन खण होते. सगळं होतं, आणि सगळं भलत्या बाजूला होतं.

"अण्णा," ती कशीबशी म्हणाली, "मी खोलीचं डावं सांगितलं हो. दार म्हणजे खोलीचं तोंड. खोली दाराकडे तोंड करून बसली तर तिच्या डाव्या अंगाला. कोटाचं सांगतो तसं."

अण्णा हळूहळू खाली बसले, उंबऱ्यावरच. "मी दारात उभा राहून डावं धरलं," ते म्हणाले. "आम्ही समोरून मोजतो. कपाट काही कुणी घालत नाही." मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या खोलीला खिडकी होती. तिथे, उजवीकडेच. मी ती विटा लावून बुजवली आणि इकडे नवी फोडली."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "मी सांगत होते, आहे ती राहू द्या म्हणून!"

"तू गप्प बस. कवळी काढ."

"सूत न् सूत बरोबर," अण्णा स्वतःशीच म्हणाले, "आणि अख्खी खोली चुकली." मग उठले. "उद्या गवंड्याला बोलावतो. सगळं फिरवतो. महिना लागेल."

महिना. सुनेला ती मशीनमागची फट दिसायला लागली. बटणी अजून कपाटाला दोन्ही हात लावून उभी होती, कपाळ लाल झालेलं. सून तिला उचलायला पुढे झाली, एवढ्यात पोरीने मान वळवली. एकदा ह्या बाजूला, एकदा त्या बाजूला.

"आई, उजेड ह्या गालावर का येतोय?"

बटणीने कपाट चाचपलं. हात सरकवत ड्रॉवरपर्यंत आली. पहिला खण ओढला, आला. दुसरा आला. तिसरा अडकला. ती थांबली. भिंतीकडच्या कोपऱ्यात उचलून ओढला, आला.

"अडकतो!" ती ओरडली. "आजोबा, हा पण अडकतो!"

"अडकायलाच केलाय," अण्णा पुटपुटले. "दोनदा बिघडला. नीटच सरकत होता."

बटणी मागे दारापर्यंत गेली, भिंतीला पाठ लावली, आणि फ्रॉकचा खिसा चाचपला, उजव्या हाताला. मग डावा हात त्याच जागी नेला, जिथे उलट्या फ्रॉकचा खिसा येतो. आणि एकदम खदखदून हसली.

"आई! खोली उलटी घातलीय!"

मग चार पावलं सरळ, डावीकडे वळली, आणि धप्पकन पलंगावर बसली. वर हात करून काच सरकवली. ती शेवटाला किरकिरली, जशी किरकिरायला हवी तशी. पुन्हा उठली, दारापर्यंत गेली, पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला धावत आली.

अण्णा तिच्याकडे बघत होते. "सुलटी करू ना गं? महिनाभरात करतो."

"नको," बटणी म्हणाली. "उलटी मला येते." मग ती उजवीकडच्या भिंतीवर बोटाने टकटक करत गेली आणि एका जागी थांबली. "इथे आवाज वेगळा आहे. इथे काय होतं?"

"खिडकी."

"ती कुठे गेली? बाहेरून दिसते? तिच्या मागे काय आहे?"

"चल दाखवतो," म्हाताऱ्याने तिला नऊ इंचाचा हात दिला, आणि दोघं घराला वळसा घालून बुजवलेली खिडकी बाहेरून चाचपायला गेली. सून मात्र मोरीत गेली. पण ह्या वेळी रडायला पुरेसा वेळ मिळाला नाही, कारण पोर बाहेरून हाका मारत होती, इथल्या विटा ओबडधोबड आहेत आणि त्यांच्यावर मुंग्या चालतात, हे सांगायला.

ती खोली कुणी फिरवली नाही. अण्णांनी मात्र कानाला खडा लावला. पुढे गिऱ्हाईक कपाट सांगायला आलं की पेन्सिल कानावरून काढायच्या आधी विचारायचे, "डावं म्हणजे तुझं, माझं की कपाटाचं?" गावात त्यावरून हसायचे. पण त्यानंतर त्यांचं एकही कपाट चुकलं नाही.

बटणी शाळेची शेवटची परीक्षा देऊन घरी आली त्या वर्षी, एप्रिलच्या अकरा तारखेला, दुपारचं जेवण झाल्यावर अण्णा वारले. तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते.